जुन्या पत्त्यांचे सदुपयोग

ताकुआरेम्बो, ४ मे १९८८

ती. रुफिनाताईस,
शि. सा. न. वि. वि. (कंबर धरल्यामुळे साष्टांग फक्त कागदावरच.)

दरसालप्रमाणे क्लबातले बाद पत्ते बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. तुझ्या कलेची भूक मोठी! तू केलेली लॅम्पशेड आमच्याकडे अजून टांगलेली आहे. तिच्यातून उजेड सोडून बाकी सगळं येतं. या खेपेला काय? बरण्यांची लेबलं, की कोंबड्यांना पंखे?

इकडे वाईट बातमी. माझा भिडू बाल्दोमेरो न्हाणीघरात घसरला, खुबा मोडला. जूनमध्ये पायसांदूवाल्यांशी त्रुकोचा सामना. हातात काही नसताना समोरच्याला घाबरवायचा पत्त्यांचा खेळ, आणि क्लबात उरलेत सगळे सज्जन! बरं पान आलं की एकेकाचे कान लाल होतात.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तरी हरकत नाही.
तुझा एवारिस्तो


तांबोरेस, ११ मे

चि. एवारिस्तो यास अनेक आशीर्वाद.

पत्ते पोचले. बाल्दोमेरोला मुरांबा पाठवलाय; वाटेत तू उघडू नकोस.

भिडूसाठी वणवण कशाला? मी येते. सहासष्टावं लागलं मला. केकचा ट्रे घेऊन तुमच्या क्लबाच्या दारात पुष्कळ उभी राहिले, आता एकदा त्या टेबलाशी बसायचंय. थट्टा करत नाहीये.

तुझी ताई


ताकुआरेम्बो, १७ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र बाल्दोमेरोला वाचून दाखवलं. हसता हसता त्याचा खुबा पुन्हा ठणकायला लागला, डॉक्टरांनी मलाच झापलं. अगं, बायका सामन्याला येतात, केक ठेवतात, जातात. आणि तुला खेळता कुठे येतं? त्रुको म्हणजे पत्ते कापून चिकटवणं नव्हे.

रागावू नकोस. मुरांबा छान होता, असं बाल्दोमेरो म्हणाला असता.
एवारिस्तो


तांबोरेस, २१ मे

चि. एवारिस्तो,

कापत नाही रे, नुसतं चिकटवते. तुमच्या क्लबाने टाकून दिलेली पानं मी आणि शेजारची लेओकादिया कणकेच्या खळीने सांधतो, इस्त्री फिरवतो, वर पावडर चोळतो, म्हणजे छान सरकतात. पेल्यांच्या रंगातला चौका हरवला होता, तो बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर रंगवला. मग रोज दुपारी चौघी जणी खेळायला बसतो. जुन्या पत्त्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचला नाही.

लॅम्पशेड तुला संशय येऊ नये म्हणून केली होती. तू ती खरोखर टांगशील असं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ये, हवा तो भिडू घेऊन.
ताई


ताकुआरेम्बो, ३१ मे

ती. ताईस,
शि. सा. न. (या खेपेला खरोखरचा.)

रविवारी तुम्ही दोघींनी माझं आणि आमच्या खजिनदाराचं जे केलंत, ते मी घरी सांगितलेलं नाही. हातात एक धड पान नसताना तू डाव वाढवलास, आणि वर मला विचारलंस की अजून एक तोर्ता फ्रिता तळू का! खजिनदार परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेरच बघत होता.

अध्यक्षांना सांगितलं, भिडू मिळाला. ते म्हणाले, बाई टेबलाशी बसली तर क्लबाच्या परंपरेचं काय? मी म्हणालो, मग परंपरेलाच माझ्यासमोर बसवा, मी चाललो घरी. टोपीसुद्धा घातली. तासभर कुरकुरले, शेवटी हो म्हणाले.

बारा तारखेला सकाळच्या बसने ये. घाबरू नकोस, चारचौघांत मी तुला सांभाळून घेईन.
एवारिस्तो


तांबोरेस, ४ जून

चि. एवारिस्तो यास आशीर्वाद.

टोपी घातलीस हे वाचून पत्र लेओकादियाला दोनदा ऐकवलं. पण ते सांभाळून घेणं तुझ्या खिशातच ठेव. डाव हुकला की तू बाल्दोमेरोला काय काय म्हणतोस, ते दारात उभं राहून मी सगळं ऐकलंय. गाढवापासून सुरू होतं आणि त्याच्या आजोबांपर्यंत जातं. मी चुकले तर तेवढंच म्हणायचं, तेवढ्याच मोठ्याने. आजोबा आपले एकच आहेत, तरीही. ताई म्हणून एक जरी शिवी गिळलीस, तर पानं टाकून उठेन.

लोभ असावा, पण टेबलाबाहेर.
तुझी भिडू,
रुफिना