नदी फॉर्मच्या खाली गेली

५ मे, मंगळ.
नोएडात आजही संध्याकाळी वीज गेली. सई म्हणाली, "आई, तू बिजलीवाल्या ऑफिसमध्ये आहेस ना? यार, आपल्याच घरी लाइट नाही!" लेकीचं खरं आहे. सूर्य मावळला की सौर वीज संपते, एसी चालूच असतात आणि सगळा भार डोंगरातल्या धरणांवर येतो. तिथली पाण्याची नोंद माझ्याकडे येते. नोंदीत पाणी भरपूर. मग वीज का नाही?

६ मे
वर डोंगरातल्या पॉवरहाऊसला फोन. फोनवर नदीची पातळी मोजणारे गेजवाले रावतजी. विचारलं, तीन आठवडे रोज तोच आकडा कसा?
"मैडम, नदी तो बहुत नीचे है. इस बार बर्फ ही नहीं गिरी. पर कम भरो तो कंप्यूटर 'अमान्य' बोलता है. तो जो सबसे छोटा ले लेता है, वही भर देते हैं."
खरे आकडे वहीत पेन्सिलने लिहून ठेवलेत म्हणे. फोटो पाठवले. किळस आली. या आकड्यांवर देशाची वीज आखतात!

७ मे
पाण्याची नोंद भरतात त्या कंप्यूटर-फॉर्मची जुनी फाइल काढली. ज्याच्याखालचा आकडा तो घेतच नाही, ती मर्यादा कोणी घातली? मीच. नऊ वर्षांपूर्वी, जुन्या नोंदींतला सर्वांत कमी आकडा पाहून. चुकून शून्य पडू नये म्हणून. नदी त्याच्याही खाली जाईल हे डोक्यातच आलं नाही. काल सगळ्यांना शिव्या घातल्या. आज तोंडघशी.

८ मे, शुक्र.
डायरेक्टरसाहेबांना सांगितलं. जूनचा वीज-आराखडा सोमवारी वर जायचाय.
"मर्यादा हटा दीजिए. पुराने आँकड़े मत छेड़िए."
"सर, आकडे खोटे आहेत."
"तो लिख दीजिए, गेजवाले ने गलत भरा. उसकी जाँच हो जाएगी."
वर माझ्यासाठी समोसा मागवला. मी खाल्ला. त्याचीच जास्त शिसारी येते.

९ मे, शनि.
सुट्टी असून ऑफिसात. टिपण लिहिलं. पॅरा १ खरे आकडे, पॅरा २ जूनमध्ये पडणारी तूट, पॅरा ३ मर्यादा माझी, चूक माझी. साहेबांना पाठवलं. माझं प्रमोशन याच वर्षी आहे.

११ मे
टिपणाची फाइल परत आली. शेरा एकच: 'पॅरा ३ हटाएँ.' तो काढला की दोष द्यायला उरतात फक्त रावतजी. त्यांची नोकरी कंत्राटी.
अजून काढलेला नाही. साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला.