ज्या रकान्यात तू एकटी होतीस

माय, मी विद्यापीठात नेमकं काय काम करते हे तुला वस्तीत कोणाला नीट सांगता आलं नाही. "कागदाले भोकं पाडते," एवढंच तू सांगायचीस, आणि ते खरंच होतं. दुष्काळ नुकता सरला होता. आपल्या भागातल्या गावांत पाणी आणि आजारपण यांची पाहणी विद्यापीठानं काढली होती. घरोघरी विचारलेली उत्तरं आमच्याकडे यायची आणि मी ती यंत्रावर बसून जाड कार्डांवर छिद्रांनी उतरवायची. एका घराचं एक कार्ड. मग ती कार्डं थंड हवेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये जायची. त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात हे ऐकून तू भाकर थापायची थांबली होतीस. "मंग देऊळच म्हन ना ते. तुले जाऊ देतात आतमंदी?" मी हसले. तू हसली नव्हतीस.

आपल्या गावात पाहणीवाले आले तेव्हा मी शहरात होते. मोठ्या विहिरीवर पाणी भरताना कोणी अडवतं का, असा एक प्रश्न त्यात होता. नावं कुठेच छापायची नाहीत असं त्यांनी प्रत्येक दारात सांगितलं, आणि नावं खरोखरच छापली नाहीत. तू सांगितलंस की हो, अडवतात. पंचायतीतल्या माणसानंच घागर लाथाडली. पुढे तुझं कार्ड माझ्याच हाताखालून गेलं असणार. मला ते कळलं नाही, कारण छिद्रांना चेहरा नसतो.

कळलं ते छापील तक्ता बाहेर आला तेव्हा. लांबलचक कागद, घड्या पडत खाली येतोय, आणि मी उभ्यानं आपलं गाव शोधतेय. आपल्या वस्तीची ओळ सापडते. अडवणूक होते का, या रकान्याचे घरांच्या प्रकारानुसार पोटभाग केलेले; सगळीकडे शून्य, आणि एका ठिकाणी एक. त्या एकाच्या वरचा मथळा वाचते: घरप्रमुख विधवा, मुलगी पगारी नोकरीत. आपल्या वस्तीत असं घर एकच होतं. नाव नव्हतं, पण नाव लिहायची गरजही उरली नव्हती.

मी पाहणीचे प्रमुख असलेल्या सरांकडे गेले आणि ही माझी आई आहे असं सांगितलं. ते वाईट नव्हते गं. त्यांनी चष्मा काढून तक्ता पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "हा एक काढला तर तुमच्या गावात कोणी कोणाला अडवत नाही, असं छापलं जाईल. आणि हा अहवाल सरकारकडे जाणार आहे. तुमच्या आईला विचारून या. त्या म्हणतील तसं करू."

म्हणून मी आले. जऊळक्याला रेल्वेतून उतरले. किन्हीराजाकडे जाणाऱ्या बसमध्ये गावातलं कोणी दिसलं की मी खिडकीकडे तोंड फिरवत होते. तू चुलीपाशी होतीस.

"माय, त्या कागदात तू एकटीच निघाली."

"एकटी म्हंजे?"

"बाकी समद्यायनं सांगतलं, आमाले कोनी अडवत नाही."

तव्यावरची भाकर करपली तरी तू ती उलटली नाहीस. "शेजारीन बी?"

"ते बी."

"तिची घागर तं माह्याच संगं फुटली होती वं." तू रागावली नव्हतीस. रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं. "काढलं तं काय होईन?"

"आपल्या गावात समदं बरं हाय, असं छापून येईन."

"आन् ठेवलं तं?"

"तं तुले वळखतीन."

तू पदरानं तोंड पुसलंस. "मले भेव लागते, पोरी," म्हणालीस. तोवर तुझ्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. बा गेला तेव्हाही नाही. मी लगेच म्हटलं, काढून टाकू. तू मान हलवलीस. "राहू दे. समदं बरं हाय असं कायले छापाचं?"

अहवाल गेला. सरकारी साहेब गावात येऊन पंचायतीत विचारून गेले हे कळताच मी रजा टाकून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घागर लाथाडणारा पंचायतीतला माणूस आपल्या अंगणात उभा. पांढरंशुभ्र धोतर, आवाज अगदी हलका.

"बाई, त्या कागदात एकच बाई हाय म्हनतात. कोन हाय, तुले मालूम असन."

मी दारात होते. माझे दात वाजत होते, ते त्याला ऐकू जातील म्हणून मी ओठ घट्ट मिटले. तू परातीपुढून उठलीसुद्धा नाहीस. पिठाच्या हातानं म्हणालीस, "मीच हावो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं मशीनले शिकवलं वाटते."

"मशीनले कोन शिकवते? म्या जे सांगतलं, तेच मशीननं सांगतलं."

"बरं," तो म्हणाला आणि गेला. शिवी नाही, धमकी नाही. फक्त बरं. तो गेल्यावर पाहिलं तर परातीतलं पीठ तुझ्या मुठीत घट्ट आवळलेलं होतं, आणि तुला मूठ उघडता येत नव्हती.

त्यानंतर गावातल्या शेतांत निंदणाला तुला कोणी बोलावलं नाही. तू शिरपूरच्या बाजूला कामाला जायला लागलीस, जाताना वाट बदलायचीस. दाराशी जातं सरकवून झोपायचीस. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत हातपंप बसला. मोठी विहीर तशीच राहिली. पहिल्या दिवशी शेजारीण भरलेली घागर घेऊन आली, आपल्या रांजणात ओतली आणि परत गेली. तू रांजणाकडे पाहत बसलीस. आणि तो? त्यानं पुढे काहीच केलं नाही. पण तो कधी ना कधी काही करेल याची वाट पाहत तू उरलेली सगळी वर्षं काढलीस, आणि शहरात बसून मीही.

आता मी निवृत्त झाले आहे. गेल्या आठवड्यात विद्यापीठातल्या एका संशोधक मुलीचा फोन आला. ती जुनी पाहणी त्यांना सापडली आहे. ती आजच्या कॉम्प्युटरवर चढवून सगळ्यांसाठी खुली करायची आहे, आणि कार्डांवरच्या छिद्रांचा अर्थ लावायला तिला माझी मदत हवी आहे. पोरगी हुशार आहे, बोलणंही गोड. म्हणाली, "मॅडम, नावं तर नाहीतच त्यात. आणि इतकी वर्षं झाली."

तिचं बरोबर आहे. तू नाहीस, तोही नाही. तुला आता कोणी काही करू शकत नाही. तरी फोन ठेवल्यावर मी भर दुपारी उठून दाराला कडी लावली, माय. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.