गोल टेबलाच्या सुताराची निरवानिरव

मी, वय चोपन्न, धंदा सुतारकाम, शिक्षण स्वतःचे स्वतः, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहितो. उद्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको. म्हणूनच आज लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीची. स्वयंपाकघराचे दार अडकते, ते तासायचे राहिले आहे. परक्या सुताराला हात लावू देऊ नये, मुलीला सांगावे.

२. तह, परिषदा, शिखर बैठका यांवरची माझी पुस्तके मुलीला. कोणी कुठली सीमा आखली हे पुस्तकांत असतेच. कोण कुठे बसले होते ते मी समासात लिहिले आहे. व्हिएतनामचे युद्ध थांबवण्याची पॅरिसमधली बोलणी टेबलाच्या आकारावरून कित्येक आठवडे अडली होती. ज्यांना याचे हसू येते, त्यांनी घरातली वाटणी पाहिलेली नाही.

३. आपल्या व शेजारच्या देशाचा तह झाला ते गोल टेबल मी केले, याची नोंद असावी. आधी थोरल्या भावाने लांब टेबल केले होते. बोट ठेवायला जागा नाही असे. पण टोकाला कोण बसणार, यावरून दोन्ही शिष्टमंडळे दारातच उभी राहिली. मी दादाला न विचारता ते मोडून त्याच लाकडाचे गोल केले. सीमा खुली झाली, रेल्वे सुरू झाली. दादाने मात्र माझ्याशी बोलणे टाकले.

४. कारखाना, दोघा भावांच्या नावावरचा. मसुद्यात निम्मा दादाला, निम्मा मुलीला, मधे भिंत, असे होते. आज सकाळी दादाला संमतीच्या सहीसाठी बोलावले. इतक्या वर्षांनी तो आला. उभ्यानेच वाचले आणि चष्मा काढला.

“पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांना चर्चेला घेतलंच नाही, नुसतं सहीला बोलावलं, म्हणून पुढचं युद्ध पेटलं. हे तूच सगळ्यांना ऐकवतोस ना?”

“हो.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

“सहीला.”

“शहाणाच आहेस. सरक तिकडे.”

तो बसला. मग आम्ही मनसोक्त भांडलो. पत्नीने दोनदा चहा आणला, नंतर नुसतीच डोकावून गेली. ठरले ते असे: भिंत घालायची नाही. दादा आहे तोवर कारखाना त्याच्या हाती, मुलगी बरोबरीची भागीदार. पुढे सगळा तिचा. पाटीवर ‘तहाचे टेबल: लाकूडकाम थोरल्याचे, आकार धाकट्याचा’ असे लिहायचे. आधी कोणाचे, यावरच निम्मी दुपार गेली.

आधीचा मसुदा रद्द. हे शेवटचे मृत्युपत्र; अंमलाची घाई नाही.

स्थळ: कारखाना
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस

लिहिणार: धाकटा सुतार (सही)

साक्षीदार:
१. शेजारचा छापखानावाला (सही)
२. घरचे डॉक्टर (सही)

शिवाय थोरला भाऊ. साक्षीदार नव्हे, भांडून मान्य. (सही)