पाण्यात न उतरणारीचा सल्ला

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शब्दकोशाचा नवा खंड छापायला गेला हे वाचून आनंद झाला. छापून होईपर्यंत त्यातले शब्द वापरात राहोत, एवढीच सदिच्छा. इकडे दुकान बरं चाललंय. काल एक गृहस्थ दोन महिन्यांपूर्वीचा चष्मा परत घेऊन आले. म्हणाले, याने सगळं फारच स्पष्ट दिसतं, घरात भांडणं होतात. मी काचा पुसून तोच चष्मा परत दिला, तर म्हणाले, आता ठीक आहे.

आता मुद्दा, दरवर्षीचाच. नदीवर कधी जायचं आणि उतरायचं कुठे, ते ठरवून दे. हिवाळाभर बसून मी पिसं आणि रेशमी दोरा हुकांना गुंडाळत एकशेचाळीस खोट्या माश्या बांधल्यात. ट्राउट मासा फसेल न फसेल, तुझी भावजय फसते आणि फडकं घेऊन धावते. नेहमीचा सोबती औषधवाला येणारच आहे. वकीलसाहेबांचा गुडघा धरलाय, त्यामुळे ते यंदा नाहीत आणि तिसरी खाट रिकामी आहे. तीन ठिकाणांची माहितीपत्रकं सोबत जोडली आहेत.

तुलाच का विचारतो, ते तू जाणतेस. औषधवाला आणि मी भांडतो, कारण नदी दोघांनाही हवी असते. तुला यातलं काहीच नको असतं, म्हणून तुझा निर्णय निर्मळ. बावीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

लोभ आहेच, तो वाढवण्याचं काम तुझ्याकडे.

तुझा धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रकं मिळाली, वाचली, समासांत खुणा केल्या. आधी काळाचा विचार करू, मग स्थळाचा.

पूर्वपक्ष असा की जूनअखेर जावं. खंडन: डोंगरातलं बर्फ तेव्हा वितळत असतं, पाणी गढूळ असतं, आणि माशाला स्वतःचं शेपूटही दिसत नाही, तिथे तुझी माशी काय दिसणार? दुसरा पूर्वपक्ष, ऑगस्ट. खंडन: पाणी तापतं, मासे खोल डोहात जाऊन बसतात आणि काठावर सुट्टीवर आलेली कुटुंबं बसतात. दोघांपैकी कोणीच हलत नाही. ऑक्टोबरात तुला सर्दी होते. राहिला सप्टेंबर. पहिल्या आठवड्यात गर्दी पुरती ओसरलेली नसते आणि तिसऱ्यात वाऱ्याने दोरी पाण्याऐवजी झुडपात पडते. तस्मात् ९ ते १६ सप्टेंबर.

आता स्थळ. नदीकाठच्या मोठ्या लाकडी लॉजच्या पत्रकात सतरा विशेषणं आहेत आणि नाम शोधावं लागतं. तीन फोटोंत तीन पुरुष तीन मासे धरून उभे आहेत, पण शेपटीची खाच तिन्ही माशांना एकाच जागी आहे. म्हणजे मासा एकच, आणि तो बिचारा तिथे नोकरीला असावा. पुलाजवळच्या खाणावळीला मी पाच प्रश्न लिहून पाठवले. मालकाच्या उत्तरात 'साधारणपणे' हा शब्द चार वेळा आला, त्यातला एकदा गाद्यांच्या बाबतीत. तिसरं घर निवृत्त परिचारिकाबाईंचं. त्यांनी एका कार्डावर सहा ओळींत सगळं सांगितलं. वर दोन खाटांची एक खोली, खाली एका माणसाची स्वतंत्र खोली. खालच्या खोलीला आतून कडी, उशाशी वाचायचा दिवा, खिडकीखाली नदी. सिद्धान्त उघड आहे.

तिसऱ्या खाटेचं काय ते तू बघ. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

माया आहे तितकीच राहील, फार वाढवली तर तुला सोसणार नाही.

तुझी ताई


१५ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मला आणि औषधवाल्या भावोजींना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. 'तस्मात्' आलं की हे मान डोलावतात.

वन्सं, मी दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या रक्तात काय आहे ते बघते. तुमच्या पत्रात काय आहे ते बघायला सूक्ष्मदर्शक लागला नाही. तुमचा शब्दकोशाचा छापखाना वर्षातून एकदाच आठवडाभर बंद असतो, यंत्रांच्या साफसफाईसाठी, आणि तो आठवडा ९ ते १६ सप्टेंबर. हे मला माहीत आहे, कारण दरवर्षी तेव्हाच तुम्ही आमच्याकडे येता आणि माझी कपाटं लावून जाता. यांच्या ते लक्षात येण्याचा संभव नाही, त्या आठवड्यात कपाटाजवळ ते फिरकत नाहीत.

आणि ट्राउटला वाचायचा दिवा कशाला लागतो? आतून कडी तरी कशाला?

मी कोणाला काही बोलले नाही. खरं असेल तर एवढंच कळवा.

माझ्यावरचा लोभ कपाटांवर अवलंबून नसावा ही विनंती.

तुमची भावजय


१९ जून

चि. सौ. भावजयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खरं आहे. तू पोलिसात असायला हवी होतीस.

आमचे वडील त्याला नदीवर न्यायचे तेव्हा तो आठ वर्षांचा आणि मी तेरा. सामानाची यादी मी करायची, डबे मी भरायचे, पाण्याचा रंग कसा होता ते वहीत मी लिहायचं. मला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, कारण चल असं कधी म्हटलंच नाही. पुढे त्याने तीच पद्धत चालू ठेवली, वडिलांच्या गळाच्या काठीसकट. त्या नदीचं प्रत्येक वळण मला नकाशावर पाठ आहे, पण तिचं पाणी थंड असतं की फार थंड, हे मी लोकांकडून ऐकलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी छातीपर्यंत येणारे रबरी बूट घेतले. ते पलंगाखाली आहेत. रविवारी छापखान्याच्या गच्चीवर दोरी फेकायचा सराव करते. बाइंडरचे वाळत घातलेले दोन सदरे आणि एकदा त्याची टोपी हाती लागली आहे. त्याला वाटतं, वारा.

पण एक अट. धाकट्याला तू चकार शब्द सांगायचा नाहीस. त्याने आपण होऊन चल म्हटलं तर जाईन. मागून घेतलेलं आमंत्रण मला नको. खाट रिकामी आहे, आठवडा माझा आहे, दिवा आहे. एवढं झाल्यावर दगडालाही सुचेल.

आपलं गुपित आणि आपली माया दोन्ही नीट सांभाळ.

तुझी वन्सं


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा सिद्धान्त एकमताने मंजूर. परिचारिकाबाईंचं घर ९ ते १६ सप्टेंबर पक्कं केलं.

आणि आनंदाची बातमी म्हणजे तिसऱ्या खाटेचा प्रश्न सुटला. औषधवाल्याचा मेहुणा येतोय, तो विमा विकणारा. मासेमारी त्याने कधी केलेली नाही, पण नदीवर चार नवी माणसं भेटतात असं त्याने ऐकलंय. तो घोरतो, म्हणून खालची स्वतंत्र खोली त्याला दिली. वाचायचा दिवा बघून खूश झाला. त्याला फॉर्म भरायचे असतात.

आता तिघांच्या सामानाची यादी तेवढी करून दे. त्याच्या पायाचं माप सोबत पाठवतोय.

तुझ्याशिवाय आमचं पान हलत नाही, तेव्हा लोभ ठेवच.

तुझा धाकटा


७ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

अधिक वाचनानंतर कळवते की ९ ते १६ सप्टेंबर हा आठवडा सर्वथा त्याज्य आहे. वारा त्याच आठवड्यात सुरू होतो. ऑगस्टातली कुटुंबं तशी शांत असतात आणि त्यांचा काही उपद्रव नसतो. लाकडी लॉजचा मासा एकच असला तरी अनुभवी आहे. परिचारिकाबाईंचं कार्ड पुन्हा पाहिलं. सहा ओळींत सगळं सांगणारी माणसं काहीतरी लपवत असतात.

खालची खोली दमट असण्याची शक्यता आहे. विमेवाल्याच्या फुप्फुसांची मला काळजी वाटते.

यादी सोबत नाही. कामाचा ताण आहे.

बाकी ठीक.

ताई


१२ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तीन दिवस झाले, हे तुमची दोन्ही पत्रं गल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवून बसलेत. एका बाईंना जवळच्या नंबराऐवजी लांबचा नंबर काढून दिला. मला विचारत होते, ताईचं कुठलं पत्र खरं धरायचं? मी म्हटलं, तिलाच विचारा. तर म्हणाले, तिला बरं नसणार, कारण स्वतःसाठी तर ती कधी काही बोलत नाही.

तुमची अट मी पाळली. पण वन्सं, आता राग मानू नका. तुम्ही त्यांना ऑगस्ट, सप्टेंबर, गाद्या, गाळ, वारा सगळं लिहिलंत. जे हवं तेवढंच वगळलंत. दगडाला सुचेल म्हणालात, पण हा दगड तुमच्या शब्दावर चालतो, आणि तुमच्या पत्रात तो शब्द नाही. मग त्यांनी कशावर चालायचं?

एक ओळ लिहा. खंडन-मंडन नको.

बोलले ते जास्त वाटलं तर लोभातून वजा करा.

तुमची भावजय


१६ जुलै

चि. धाकट्यास,

मला यायचं आहे.

ताई


२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुपारी आलं. आधी पाकिटात दुसरा कागद राहिला असेल म्हणून ते उलटं करून झटकलं. मग दुकान बंद केलं.

बावीस वर्षांत तुला चल म्हणायचं मला सुचलं नाही. ताईला पाण्याचं वावडं आहे असं वडील म्हणायचे. मी रोज दहा जणांचे डोळे तपासतो, पण ते वाक्य कधी तपासून पाहिलं नाही. तुझ्या याद्या मात्र तपासायचो, एखादी वस्तू राहिली असेल या आशेने. कधी राहिली नाही.

विमेवाल्याला आता नाही म्हणणं बरं दिसत नाही. तो गावभर सांगून बसलाय. म्हणून ते घर त्या दोघांना देऊन टाकलं. औषधवाला जरा नाराज झाला. मी नाही म्हणून नव्हे, तर पुढच्या वर्षीपासून त्याचं कोण ठरवणार म्हणून.

आपण दोघं ९ तारखेलाच जाऊ, पण दुसऱ्या नदीवर. जागा मी ठरवली आहे. तिचं माहितीपत्रक नाही. मालकाला मी एकही प्रश्न विचारलेला नाही आणि तूही विचारायचा नाहीस. वडिलांची काठी तुझ्यासाठी तेल लावून ठेवली आहे. ताई, चल.

लोभ माझ्याकडे थकलाय, तो नदीवर फेडून घे.

तुझा धाकटा


१२ सप्टेंबर

चि. सौ. भावजयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याने निवडलेली जागा कशी आहे, ते तुला कळायलाच हवं. लाकूड कापायच्या गिरणीच्या मागे दोन खोल्या आहेत. माझ्या खिडकीतून नदी दिसत नाही, एक भिंत दिसते आणि तिच्यावर इथे वाहने लावू नयेत असं लिहिलंय. गिरणी सकाळी सहाला सुरू होते. गरम पाणी मालकाला आठवण झाली की येतं, आणि मालक विसराळू आहे. त्याला हाक मारून उपयोग नाही, गिरणीत काम करून त्याला कमी ऐकू येतं. पहिले दोन दिवस नदी चहाच्या रंगाची होती, कारण वरच्या अंगाला कोणीतरी पाणी सोडलं. हे टाळण्यासाठी एक पोस्टकार्ड पुरलं असतं, पण मला प्रश्न विचारायची बंदी होती. धाकटा तासातासाला माफी मागतो. मी तासातासाला देते, नाहीतर त्याचं लक्ष पाण्यावर राहत नाही.

पाणी फार थंड असतं. आता हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

पहिल्या दिवशी मी हुकाने स्वतःची कॉलर धरली, एक झुडूप धरलं आणि धाकट्याचा कान थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी घसरून कमरेएवढ्या पाण्यात बसले. तो धावत आला आणि मला हसताना बघून तोही हसायला लागला, इतका की काठीच त्याच्या हातून सुटली. ती आम्ही दोघांनी पुढच्या वळणावर जाऊन धरली. आतापर्यंत मोठं असं तेवढंच हाती लागलं आहे.

काल दुपारी पाणी निवळलं आणि माझ्या माशीला एक ट्राउट लागला. वीतभर असेल. अनुष्टुभाचा एक चरण म्हणून होईल एवढा वेळ दोरीवर होता, मग गेला. धाकटा म्हणाला, तुझं मनगट अगदी वडिलांसारखं वळतं. मी म्हटलं, मी गच्चीवर शिकले, वडील गच्चीवर कधी आले नाहीत. माझ्या दोरीला नवी माशी बांधायला त्याने घेतली आणि गाठ तीनदा चुकला.

औषधवाल्याचं कार्ड आलंय. परिचारिकाबाईंच्या घरी सगळं उत्तम आहे, वाराही नाही, आणि विमेवाल्याने बाईंचा विमा उतरवला. मासे भरपूर आहेत म्हणे. मला जराही हेवा वाटला नाही, याची नोंद घे.

यंदा तुझी कपाटं लावायला येणं होणार नाही. पुढच्या वर्षीचंही काही

तो नदीवरून हाक मारतोय. ताई, चल, पाण्यावर माश्या उठल्या, मासे वर आलेत. उभ्यानेच पाकीट चिकटवते. लोभाचं तेवढं तूच माझ्या वतीने लिहून घे.

तुझी वन्सं