उपसर्गाची चार घरं

२ मार्च, सोमवार
संपादकांचा फोन. रविवारच्या पुरवणीतल्या माझ्या शब्दकोड्याला हल्ली उत्तरंच येत नाहीत म्हणाले. महिनाभरात आली नाहीत तर त्या जागी आकड्यांचं कोडं. अकरा वर्षं शब्द पुरवले, आता आकडे! निश्चय: असं कोडं द्यायचं की लोकांनी पेन्सिली चावाव्यात. विषय भाषाशास्त्र.

४ मार्च, सकाळी सात
आडवा सात सुचला. उत्तर 'उपसर्ग'. 'अति', 'प्रति' वगैरे शब्दांना लागतात ते. शिवाय डासांचा होतो तोही. सूचना: 'शब्दाआधी लागतो, माणसाच्या मागे लागतो (४)'. खूश होऊन तिसरा चहा मागितला. बायको म्हणाली, काय उपसर्ग आहे सकाळी सकाळी. शब्द अजून बोलण्यात आहे हे पाहून समाधान वाटलं.

८ मार्च, रविवार
छापून आलं. कात्रण वहीत डकवलं. बायको पेन्सिल घेऊन बसलेली. आडव्या सातला घरं तीनच आहेत म्हणाली. र्ग हे एकच अक्षर धरायचं, असं समजावलं. ते धरूनच चार होतात, म्हणाली. मग जोडाक्षरांवर वीस मिनिटं बोललो. ती मध्येच उठून गेली. पटलं असावं.

१३ मार्च
एकही उत्तर नाही. संपादक गंभीर. मी वरवर गंभीर. एवढ्या वाचकांची दांडी गुल करणं सोपं नसतं. व्यायाम उद्यापासून.

१५ मार्च, रविवार
या वेळी 'प्रत्यय'. बायको पुन्हा घरं मोजत बसली. उभा तीन मावत नाही म्हणे. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.
"अहो, अंगणच वाकडं आहे," ती म्हणाली. "एकदा मोजून तर बघा."
मोजलं नाही. स्वतःचं कोडं काय मोजायचं?

२० मार्च
ऑफिसात बोलावलं. सत्काराची शक्यता धरून इस्त्रीचा शर्ट घातला. पुरवणीची पानं लावणारे गृहस्थ खाली मान घालून उभे. गेले पाच आठवडे चौकट तीच जुनी छापली जातेय, सूचना फक्त नव्या. कुणाचीही तक्रार नाही. पाचही कात्रणं मी स्वतः डकवलीत. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

पत्र एकच आलेलं. पाचही कोड्यांची घरं हाताने नीट आखून, सगळी उत्तरं बरोबर. अक्षर किराण्याच्या यादीमुळे लगेच ओळखलं.

"वहिनी कोडं चालवतील का?" संपादकांनी विचारलं.

मी म्हटलं, तिला घरचं काम असतं. त्यांनी तिला सकाळीच फोन केला होता. ती हो म्हणालीय.

२२ मार्च
तिला मार्गदर्शन करायचं ठरवलं. तिने विचारलं की लगेच. अजून विचारलेलं नाही.

५ एप्रिल, रविवार
तिचं पहिलं कोडं. नवशिक्याचं काम, दहा मिनिटांत उडवतो म्हटलं. आडवा एक: 'कान आहेत, पण ऐकत नाही (३)'. सरळ 'बहिरा' लिहिलं. पण उभ्या शब्दांमुळे पहिलं अक्षर 'न' येतंय. मधलं 'व'. घरं दोनदा मोजली, तीनच आहेत. दीड तास झाला. तिला विचारलं तर म्हणाली, तुम्हाला नाही सुचायचं ते.

सूचनाच चुकलीय. उद्या संपादकांना पत्र टाकतो.