पालकाची सही

सोहार, ओमान
शुक्रवार, ८ सप्टेंबर २००६

ती. चंद्रा आत्येस,

कुणालचा नमस्कार. साष्टांगच लिहिणार होतो, पण या खोलीत सहा जण राहतात, आडवं पडायला जागा कुठे? म्हणून उभ्यानेच घे.

तुझं पत्र पोचलं. तोवर तिकडे गणपती बसून गेलेपण असतील. यंदा आरतीला टाळ कोणी धरला? मी नव्हतो म्हणजे ताल तरी सांभाळला असेल.

मी बरा आहे. काम तेच, कशेळीच्या गोडाऊनमध्ये करायचो ते. फोर्कलिफ्टवर बसायचं, माल उचलायचा, माल ठेवायचा. फरक एवढाच की ऊन जास्त आणि शिव्या अरबीत. सहा महिन्यांत ही तिसरी जागा. तू ओरडशील, एका जागी बूड टिकत नाही म्हणून. नाही टिकत, काय करू? इथून दुबईला जाणारे ट्रक बघितले की वाटतं त्यात चढावं. दुबईत काय आहे, विचारू नकोस. मला माहीत नाही.

तू लिहिलंस, सिस्टरच्या शाळेला जानेवारीत चाळीस वर्षं होतात, सिस्टर बेनेडिक्टा पुस्तक काढतायत, जुन्या मुलांना काय आठवतं ते गोळा करायचं काम तुझ्याकडे दिलंय. आत्ये, पहिल्या रजिस्टरात पहिलं नाव तुझं. आज तिथली घंटापण तूच वाजवतेस. तुला माहीत नाही असं मी काय सांगणार? मी तर मुलींच्या शाळेत शिकलेला मुलगा, तोही चौथीपर्यंत.

तरी लिहितो. तूच सांगितलेलं तुलाच परत.

वसईहून तीन सिस्टर आल्या. आपल्या कामतघर गावात त्यांना जागा कोण देणार? एक बंद पडलेला, कापड विणायच्या लूमचा कारखाना भाड्याने मिळाला. लूम काढून नेलेले, पण ते जिथे फरशीत बोल्टने बसवले होते तिथली भोकं तशीच. तुम्ही मुली त्या भोकांत खडू ठेवायचात. एका मुलीची पाच पैशाची नाणी आत गेली ती अजून तिथेच आहेत, असं तू सांगायचीस. बाजूचे कारखाने चालूच, खटाखट खटाखट. सिस्टर ओरडून शिकवायच्या, मुली ओरडून उत्तर द्यायच्या. म्हणून त्या शाळेची बाई लग्न करून कुठेही गेली तरी आवाजावरून ओळखू येते. हे पुस्तकात घाल. तुझंच उदाहरण दे.

आणि शुक्रवार. शुक्रवारी लूम बंद. आठवड्यात तेवढा एकच दिवस काही धड ऐकू यायचं, म्हणून गाणं आणि शुद्धलेखन शुक्रवारी. आम्ही होतो तेव्हा नवी इमारत झाली होती, तरी शुद्धलेखन शुक्रवारीच. इथेही सुट्टी शुक्रवारची असते. सकाळी जाग आली की अजून हात उशाखाली जातो, वही कुठे आहे म्हणून.

चौथी झाली की मुलग्यांना दाखला द्यायचे. पुढच्या जूनमध्ये मी दप्तर घेऊन तिथेच आलो होतो, आठवतं? तू आतून फाटक लावलंस आणि बोललीस, "आता तुझी शाळा म्युन्सिपाल्टीची. जा." ते बरोबरच होतं. पण मी म्युन्सिपाल्टीत सातवीपर्यंत कसाबसा गेलो आणि लूमवर सुताची कांडी भरायला लागलो, त्याचं मूळ मला त्या फाटकातच दिसतं. रागावू नकोस, आपलं लिहिलं.

मैदानाचं विचारलंस. ते सगळ्यांना माहीतच आहे. ते दुसऱ्या कोणाला तरी विचार.

दाजीकाका काय बोलतात? काही विशेष बोलले का?

कळावे.
तुझा कुणाल

ता. क. तुझ्या पत्र्याच्या पेटीचा तळ एवढ्यात आवरू नकोस. जाताना मी तिथे झुरळाची पावडर टाकलीय. विषारी असते.


सोहार
शुक्रवार, १३ ऑक्टोबर २००६

आत्ये,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र बोलायचं का? चारच तर ओळी. खिशात ठेवून ठेवून घडीवर फाटायला आल्या. "कुणाल, मी सातवीपर्यंत शिकले, खुळी न्हाय. शाळेचा सगला इतिहास लिवून झाला. मैदानाचा पान कोरा ठेवलाय. तो तू लिव."

खाली नाव नाही. आशीर्वाद नाही.

मागच्या रविवारी गावचा मोरू इथे आला. दाजीकाकांनी त्याच्याकडे पिशवी दिलेली. पिशवीत सुके बोंबील आणि बोंबलांच्या खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद. मुखत्यारपत्र. वकिलातीत जाऊन सही करायची, शिक्का घ्यायचा, महिनाअखेर मोरू परत जाईल त्याच्याकडे द्यायचं. मग माझ्या वाट्याचं मैदान विकायचा अधिकार काकांना. दिवाळी झाली की तारेचं कुंपण पडणार, मग गोडाऊन. आजोबांच्या मागे त्या जमिनीला दोनच नावं, काकांचं आणि बाबांच्या जागी माझं. तू तर हक्कसोड कधीच लिहून दिलीस, भावाला राखी बांधावी तशी.

कागद गादीखाली आहे. गादीवर मी. झोप कुठली येते?

मी काकांना फोन केला. बोललो, "काका, मैदान आजोबांनी दिलंय ना शाळेला?"

"कागद हाय?" काका बोलले.

"शब्द होता."

"शब्दावर गोडाऊनवाला पैसे देतो का रे? आणि तू कवापासून साधू झालास? मार्चमध्ये सही करताना तुला न्हाय आठवला तो शब्द." मग बोलले, "चंद्री राहते ती खोली माझ्या नावावर हाय. सही न्हाय आली तर तिला सांग, घंटेखाली झोप."

मार्चमध्ये. तेच तुला सांगायचं नव्हतं.

विमानाच्या आठ दिवस आधी काका मला धामणकर नाक्यावर एका वकिलाकडे घेऊन गेले. टाईप केलेला कागद तयार होता. "माझे आजोबा बाळाराम केणे यांनी सदर जमीन शाळेस तोंडी अथवा लेखी कधीही दिलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो." मी अडाणी असतो तर सुटलो असतो. पण मला वाचता येतं. तुझ्या सिस्टरने शिकवलं. पूर्ण वाचला. काकांनी विचारलं, "घरात म्हाताऱ्याच्या अंगठ्याचा काय कागद-बिगद हाय का?" मी बोललो, नाही. व्हिसा त्यांच्या ओळखीने आलेला, पासपोर्ट त्यांच्या खिशात. मला फक्त जायचं होतं, आत्ये. कुठेही. मी सही केली आणि खाली येऊन उसाचा रस प्यालो.

आता कोरं पान. लिहितो. मध्ये थांबलो तर परत सुरू करायचो नाही.

मी तिसरीत होतो तेव्हाचं. भात कापून झालेलं, आपलं शेत शाळेच्या मागे रिकामं. सिस्टरने मुलींच्या शर्यती तिथे लावल्या, कारण पुढच्या रस्त्यावर टेम्पो थांबायचे नाव घेत नव्हते. आजोबा काठी घेऊन हाकलायला आले. दरवर्षी यायचे. मी बांधावर बसलेलो. एक मुलगी अनवाणी पळत होती, धसकटं पायात घुसून रक्त येत होतं, तरी थांबेना. पहिली आली. आजोबांची काठी वर होती ती हळूहळू खाली आली. मला बोलले, "आमची चंद्री अशीच पलायची."

तेव्हा मला ते कळलं नाही. नंतर गावातल्या बायकांकडून कळलं. सिस्टरने धामणकर नाक्यापर्यंत शर्यत लावली होती, तू सातवीत, सगळ्यांच्या पुढे. नाक्यावरचे लोक बोलले, बाळारामची घोडी सुटली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तुला शाळेतून काढलं. तू मला हे कधी सांगितलं नाहीस. पहिली आलीस हेसुद्धा नाही.

त्या पावसात आजोबांनी शेत पेरलं नाही. आजी भांडली, दाजीकाका भांडले. आजोबा बोलले, "जमीन दमलीय." पुढच्या जानेवारीत मी चौथीत. एका शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेला आजोबा धुतलेलं धोतर नेसून शाळेत आले. लूम बंद, सगळीकडे शांत, म्हणून एकेक शब्द ऐकू आला. "सिस्टरबाय, बांधापास्न त्या जांभळीपरत. पलू दे तुझ्या पोरींना."

सिस्टर बोलल्या, "बाळारामभाऊ, फार मोठं केलंत. आपण एक कागद करू या."

आजोबा असे तापले! "कागद? मी काय चोर हाय? माझ्या जिभेवर तलाठी बसवतेस?" मग आजोबा जरा नरमले, मला रांगेतून ओढून बोलले, "ह्यो माझा नातू. ह्याला लिवता येतं. ह्यो हाय की साक्षीला."

तू तेव्हा घंटेपाशी उभी होतीस. तू खाली बघत होतीस.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

त्याच दिवशी दुसऱ्या तासाला शुद्धलेखन. सिस्टर बेनेडिक्टा स्वतः आल्या. पुस्तक उघडलं नाही, खिडकीतून शेताकडे बघत सांगायला लागल्या. "आमच्या शाळेला मैदान नव्हते. पूर्णविराम. आज श्री. बाळाराम केणे यांनी बांधापासून जांभळीपर्यंतचे आपले शेत शाळेला दिले. पूर्णविराम. आता मुली तेथे धावतील. पूर्णविराम." मी घाबरून पूर्णविराम हा शब्दपण तीनदा लिहिला. सगळा वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. वही तपासली आणि बोलल्या, "घरी नेऊन पालकाची सही आण."

आई-बाबा गेल्यापासून माझ्या वहीवर दर शुक्रवारी आजोबांचा अंगठा असायचा. तव्याच्या बुडाची काजळी, त्यात तेलाचं एक बोट. न वाचता ठोकायचे. त्या शुक्रवारी बोलले, "वाच." मी वाचलं. बोलले, "परत वाच." मी परत वाचलं, पूर्णविरामासकट. मग अंगठा दिला आणि वर फुंकर मारत बसले, वाळेपर्यंत.

इतकी वर्षं मी समजत होतो की सिस्टरने म्हाताऱ्याला गंडवलं. आता वाटतं, दोघांनाही कळत होतं. एकाला कागद करायचा नव्हता, एकीला हवा होता, आणि मध्ये माझी वही.

ती वही माझ्याकडे होती. माळ्यावर. सही करून आलो त्या दिवशी चुलीपाशी घेऊन बसलो होतो. घातली नाही. का ते सांगता येत नाही. निघायच्या दिवशी तू डबा बांधत होतीस तेव्हा तुझ्या पेटीच्या तळाला, वर्तमानपत्राच्या खाली ठेवली. झुरळाची पावडर-बिवडर काही नाही. नेलीही नाही, जाळलीही नाही, तुझ्या लुगड्यांखाली लपवून पळालो.

आता ती सिस्टरला द्यायची की नाही ते तू ठरव. तुझ्या डोक्यावरचं छप्पर आहे.

हे वरचं वाक्य मी आत्ताच परत वाचलं. खोडायला हवं. म्हणजे काय, परत तुझ्याच अंगावर टाकून मोकळा. ठरव-बिरव काही नको. दे. आजच दे, सिस्टरच्या हातात. सोबत हे पत्र दे, सगळं, वकिलाचं पानपण. मी खोटी सही केली हे शाळेतल्या पोरींनापण कळू दे. काका खोली खाली करायला सांगतील, तेव्हा मी तिथे असेन. मुकादमाशी बोललोय, पुढच्या महिन्यात सोडतील. कोर्टात उभं करतील तर करोत, मला वाचता येतं.

मोरूजवळ मुखत्यारपत्र परत देतोय, कोरंच. बोंबील मात्र खाल्ले. सहा जणांत एका दिवसात संपले. काकांना तेवढं सांग.

एक विचारू? त्या दिवशी फाटक लावताना तू रडत होतीस का? मला तुझा फक्त हात दिसला होता, कडीवरचा. परत आल्यावर सांग. किंवा नको सांगूस.

आज इथे शुक्रवार आहे. मशीन बंद आहेत. खाली वहीतल्यासारखं एकदा लिहितो, चुका असतील तर लाल पेनाने काढ. तारीख घातलीय. नाव पूर्ण लिहिलंय. एक रेघ रिकामी ठेवलीय. आजोबा आता नाहीत, त्यामुळे तिथे तुझी लागते. अंगठा नको. तू सातवीपर्यंत शिकलीस.

शुद्धलेखन
शुक्रवार, दि. १३ ऑक्टोबर २००६

आमच्या शाळेला मैदान नव्हते. माझे आजोबा बाळाराम केणे यांनी बांधापासून जांभळीपर्यंतचे आपले शेत शाळेला दिले. मी तेथे होतो. मार्चमध्ये मी खोटे लिहून दिले. मुली तेथे धावतील.

कुणाल रामू केणे
इयत्ता चौथी

पालकाची सही : ____________________