मावशीची व्हेनिसमधली होडी

२ फेब्रुवारी २०१६, सकाळी ११
उठल्या उठल्या जबाबदारी अंगावर घेतली. वासंतीमावशी आणि दीनानाथकाकांच्या लग्नाला बारा मेला पंचवीस वर्षं होतात. मावशीला त्या दिवशी पैठणी नेसून व्हेनिसमध्ये होडीत बसायचंय. काका म्हणाले, मंडळातल्या सुनेत्राबाईंच्या टूरमध्ये नावं घालू. मी म्हटलं, टूरने मेंढरं जातात, आणि या देशात ती आधीच पुष्कळ आहेत. कुणी हसलं नाही. ऑकलंडला विनोद उशिरा पोचतो. सगळं मी ठरवणार. नीट जमलं तर काका मलाही नेणार.

५ फेब्रुवारी
सुनेत्राबाई चहाला. ही बाई दरवर्षी चाळीस मराठी माणसं युरोपात हाकते. गळ्यात लॅमिनेटेड कार्ड, पिशवीत ठेपले, दर दोन तासांनी बाथरूमची आठवण. मला म्हणे, बाळ, तू व्हेनिस पाहिलंयस का. मी म्हटलं, मी टी पुकेच्या मळ्यात किवीफ्रूट तोडलंय, क्वीन्सटाउनच्या हॉटेलात भांडी घासलीत. प्रवास रक्तात असावा लागतो. त्यांनी विचारलं, दोन्हीकडून कामावरून काढलं का? खवचट.

१३ फेब्रुवारी
संकल्प : रोज दोन तास व्हेनिस. आज कालवे पाहिले. मग पूल कसे बांधतात. मग बीव्हर हा प्राणी धरण कसं बांधतो. मग जेवलो. बीव्हर हुशार. माणसांनी शिकावं.

२७ फेब्रुवारी
फील्ड स्टडी. फेरीने वायहेके बेटावर गेलो. दोन जर्मन पोरं भेटली, त्यांच्या व्हॅनमध्ये चार दिवस राहिलो. मावशी म्हणाली, फोन तरी करायचास, मेल्या. मोठी कामं घरी बसून होत नाहीत, हे तिला कोण सांगणार.

८ मार्च
होडी बुक. बारा मे, संध्याकाळी सहा. खासगी. नावाडी गाणारा. मावशीने लगेच ब्लाउज शिवायला टाकला. श्रिया, त्यांची चौदा वर्षांची कन्या, हिला मराठी समजतं पण बोलायला कमीपणा. म्हणे, व्हॉट अबाउट व्हिसाज? मी म्हटलं, किवींना, म्हणजे न्यूझीलंडवाल्यांना, युरोपात व्हिसा लागत नाही. वाचलंय मी. अख्खं पान नाही वाचलं. अख्खी पानं वाचणारे पुढे कारकून होतात.

१५ मार्च
विमानाची तिकिटं उद्या.

२९ मार्च
तिकिटं काढायला बसलो. पासपोर्ट मागितले. श्रियाचा काळा, इथला. काका-मावशीचे निळे, वर अशोकस्तंभ.
सोळा वर्षं इथे राहतात. काका रबरी चपला, म्हणजे जांडल्स, घालून बार्बेक्यू करतात, रग्बीत ऑल ब्लॅक्स हरले की जेवत नाहीत, शेजाऱ्याला ‘छान’च्या जागी स्वीट ॲज म्हणतात. आणि पासपोर्ट भारताचे. काका म्हणाले, रेसिडेन्सी आहे, तेवढी पुरते. सिटिझन झालो तर हा परत द्यावा लागेल, ते मनाला पटत नाही. मी म्हटलं, आधी सांगायचं ना. ते म्हणाले, विचारलंस कधी? उलट प्रश्न करायची आपल्या लोकांची सवय जात नाही.
घरात किवी एकच निघाली, आणि ती गणितात नापास.

३० मार्च
व्हिसासाठी वेलिंग्टनला जावं लागतं. पहिली मोकळी अपॉइंटमेंट नऊ मे. म्हणजे बारा तारखेची होडी गेली. मी मावशीला सुचवलं, लग्नाचा वाढदिवस तिथीने करू, तिथी मागेपुढे होते. तिने नवा ब्लाउज घडी करून कपाटात ठेवला आणि बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.
मी प्रॅक्टिकल बोललेलं लोकांना झेपत नाही.

३१ मार्च
मावशीने स्वतः सुनेत्राबाईंना फोन केला. पंधरा मिनिटांत विषय संपला. त्यांच्या टूरमधलं चौघांचं एक कुटुंब गळालंय. ग्रुपची अपॉइंटमेंट येत्या मंगळवारी, ती फेब्रुवारीतच घेतलेली. बारा मेला व्हेनिस आहेच. चौथी जागा मला. फक्त व्हिसासाठी नोकरीचं पत्र आणा म्हणाल्या.
मी प्रवासी आहे. पत्र कुणाचं आणू, वाऱ्याचं?

१ एप्रिल
काका म्हणाले, पेनरोजला आमच्या डेपोत जागा आहे, सोमवारी ये, साहेबांशी बोलतो. विचार करतो म्हटलं.

४ एप्रिल, दुपारी १
उशिरा उठलो. सोमवार जवळजवळ संपलाच.

६ मे
सगळे गेले. एअरपोर्टवर मावशीने मला जवळ घेतलं, फ्रिजमध्ये वरण आहे म्हणाली. सुनेत्राबाई शिट्टी वाजवून माणसं मोजत होत्या. दया आली.

१३ मे, सकाळी
तिकडे अजून बारा तारीखच. मावशीचा फोटो आला. एका होडीत सहा माणसं कोंबलेली. नावाडी गात नाही, फोनवर बोलतोय. मागे कुणीतरी ठेपला खातंय. मधोमध पैठणीत मावशी. इतकी हसतेय की डोळे मिटलेत. काकांनी तिचा हात धरलाय, सगळ्यांसमोर.
बराच वेळ पाहिला. मग घरच्या ग्रुपवर टाकलं : आयडिया मुळात कुणाची होती? अर्ध्या तासाने श्रियाचं उत्तर आलं : मम्स. पुट द बिन्स आउट.
कचऱ्याचा डबा लाल झाकणाचा की पिवळ्या, ते लिहिलेलं नाही. यांना प्लॅनिंग म्हणून जमतच नाही.